देवाची मूठ

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळची मिस्सा (कॅथलिक उपासना) आटोपून, कपाळाला राख घेऊन नव्या पेठेत काही कामाला गेलो, की ओळखीचा दुकानदार हमखास विचारतो, “काय सर, सिद्धेश्वराचं दर्शन झालं वाटतं?” सोलापुरात कपाळावर भस्म घेऊन फिरणारा माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. लिंगायतांचं गाव. मीही “हो, झालं दर्शन” एवढंच म्हणतो. खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

खरं तर राख लावणं आमच्या घरातलं नव्हे. ही राख बायकोकडून आली. ती कॅथलिक, मी अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेला. आमच्याकडे पाळकसाहेबांना सलाम करायचा, रविवारी उपासनेला जायचं, आणि राख फक्त चुलीत. त्या मिशनची मुळं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ प्रॉटेस्टंट, लोकांत. त्यांना सणवारांचं वावडं इतकं, की १६५९ साली तिथे नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करायचा कायदा झाला आणि १६८१ पर्यंत तो टिकला. अशांच्या वंशजांनी आम्हाला लेंट शिकवला असता तरच नवल. पुढे १९२४ मध्ये या मंडळ्या प्रेस्बिटेरियन पंथाशी एक झाल्या, १९७० मध्ये अँग्लिकन आणि इतर पंथांबरोबर मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं, आणि या सोयरिकींतून लेंटनं आमच्याही पंचांगात बस्तान बसवलं. नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे अलीकडच्या स्वतंत्र चर्चमध्ये, जाणारे माझे चुलतभाऊ विचारतात, “बायबलमध्ये लेंट कुठं आहे?” नाही. चाळीस दिवसांचा उल्लेख ३२५ सालच्या निकिया इथल्या धर्मगुरूंच्या परिषदेच्या नियमांत सापडतो, बायबलमध्ये नाही. पण बायबलमध्ये रविवारची शाळा तरी कुठं आहे? या मुद्द्यावर मी भांडत नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते लेंट पाळणाऱ्यांशीच आहे.

हल्ली लेंट लागला की मोबाईलवर चाळीस दिवसांच्या चाळीस वचनांचे रंगीत चौकोन येऊ लागतात, मागे सूर्योदय, खाली कुणाच्या तरी सौजन्याने. (हिशेबाचं बोलायचं तर राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६; मधले सहा रविवार उपासातून वगळायचे, म्हणजे चाळीस.) कुणी मटण सोडतं, कुणी चहा, पोरं रील्स सोडतात आणि सोडल्याचं स्टेटस ठेवतात. संध्याकाळच्या सभा होतात, बाहेरगावचे वक्ते येतात, फाटकावर फ्लेक्स लागतो आणि त्यावर वक्त्याचा फोटो वधस्तंभापेक्षा मोठा असतो. घरात मटण नाही म्हणून पनीर येतं, मासळी येते, शनिवारी पुऱ्या होतात. एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपण शेजाऱ्यांना हसतो. आमची एकादशी सहा आठवडे चालते एवढाच फरक.

यातलं काहीच पाप नाही. वचन वाचलं तर वाईट काय? पण मला एक साधा, वाण्यासारखा प्रश्न पडतो. सोडलेल्या मटणाचे पैसे जातात कुठे?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. दुसऱ्या शतकात रोममधल्या हर्मास नावाच्या ख्रिस्ती माणसाने लिहून ठेवलंय, की उपासाच्या दिवशी भाकर आणि पाण्याखेरीज काही घेऊ नकोस, त्या दिवशी जे खाल्लं असतंस त्याची किंमत काढ, आणि ती विधवेला, अनाथाला, गरजवंताला दे. किंमत काढ, म्हणजे अक्षरशः हिशेब कर. त्याच शतकात अथेन्सच्या अॅरिस्टायडीसने सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगितलं, की यांच्यात कुणी गरीब असला आणि यांच्याकडे जादा काही नसलं, तर हे दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि त्याला घास पुरवतात. म्हणजे मुळात उपास हा दानाचा कच्चा माल होता. भूक इकडे सोसायची ती अन्न तिकडे पोचावं म्हणून. प्रार्थना, उपास, दान ही लेंटची तीन पायांची तिवई. त्यातला तिसरा पाय आम्ही कधी काढून ठेवला, आम्हालाच कळलं नाही. आणि मग तक्रार करतो, की लेंटमध्ये मन भरत नाही, आत्म्याला काही मिळाल्यासारखं वाटत नाही. दोन पायांच्या तिवईवर बसून कोण स्वस्थ राहिलाय?

आता मला आजीकडे जायला हवं, कारण हे मला हर्मासने शिकवलेलं नाही. तो फार उशिरा वाचला.

आजी भाकरी करायला बसायची तेव्हा काठवटीत पीठ घेण्याआधी एक गोष्ट करायची. पिठाच्या डब्याशेजारी रॉकेलचा कापलेला, घासूनपुसून लख्ख केलेला पत्र्याचा डबा असे. ज्वारीच्या पोत्यात हात घालून ती एक मूठ काढायची, डब्यात टाकायची, आणि टाकताना ज्वारीचा पत्र्यावर जो आवाज व्हायचा तो झाला की मगच काठवट ओढायची. एरवी रविवारी एक मूठ, लेंटमध्ये रोज. तिला ‘लेंट’ हा शब्द येत नव्हता. “दुखसहनाचं दिस हायती” म्हणायची. डब्याला नाव होतं: देवाची मूठ. मी लहानपणी एकदा त्यात दोन मुठी टाकल्या, शाबासकी मिळेल म्हणून. तिनं एक काढून परत पोत्यात घातली. म्हणाली, “आपल्या पोटातली एकच. दुसरी तुझ्या बापाच्या पोटातली हाय, ती त्याला इचारून टाक.”

लेंटचे दिवस आमच्याकडे रब्बीच्या काढणीचे. मंगळवेढ्याकडची मालदांडी खळ्यावरून घरी येते ती फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे पोतं भरलेलं असताना मूठ काढायची. यात काय विशेष, असं मला वाटायचं. रिकाम्या पोत्यातून काढली तर खरं दान. हा प्रश्न एकदा विचारलाही. तिनं उत्तर दिलं नाही. उत्तर मला फार नंतर, तिच्या माहेरची गोष्ट नीट कळल्यावर मिळालं.

तिचं माहेर केरसुण्या आणि दोरखंड वळणाऱ्यांचं. गावची बलुतेदारी. खळ्यावर वर्षाचा वाटा मिळायचा, तोही मागं उभं राहून. सणासुदीला दारोदार जाऊन शिळी भाकर मागून आणणं हा हक्कही होता आणि अपमानही, दोन्ही एकाच टोपलीत. १८७६-७८, १८९६-९७ आणि मग १८९९-१९०० चा छप्पन्या, तिन्ही दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला. देणारीच घरं ओस पडली, तेव्हा मागणाऱ्यांचं काय झालं असेल? छप्पन्यात आजीचे वडील दहा-बारा वर्षांचे, मागं कुणी उरलं नाही म्हणून मिशनच्या दाराशी येऊन पडले. तिथे त्यांना भाकर मिळाली, अक्षरं मिळाली, नंतर बाप्तिस्मा. आणि जन्मभर एक टोमणा मिळाला. पोटासाठी बाटले.

हा टोमणा आमच्या लोकांनी चार पिढ्या ऐकला आहे. आम्ही त्यावर दोन प्रकारे उत्तर देतो. एक, नाही हो, आम्ही तर वचन पटलं म्हणून आलो. आणि त्यासाठी ब्राह्मण घरांतून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांचं आणि पंडिता रमाबाईंचं नाव पुढे करतो, कारण त्यांना कुणी भुकेचा टोमणा मारू शकत नाही. दोन, खाली मान. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत. पोटासाठी आले, आले. उपाशी पोराने भाकरीच्या दिशेने चालत जावं यात लाज कुणाची, त्याची की ज्या गावातून तो निघाला त्या गावाची? आणि ज्या येशूकडे ते गेले त्याने तरी आलेल्या पाच हजारांना आधी प्रश्नोत्तरी विचारली नव्हती. त्यांना हिरवळीवर बसवलं आणि जेवायला घातलं.

म्हणूनच लेंटच्या पहिल्या रविवारी वाचला जाणारा उतारा मी आमच्या मंडळीत ऐकतो तेव्हा कान टवकारतो. चाळीस दिवसांचा उपास झालेला येशू, रानात, आणि सैतान म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. येशू म्हणतो, माणूस केवळ भाकरीने जगत नाही. आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे पाव नाही, भाकर आहे. सोलापुरात हे वाक्य कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या माणसाच्या कानावर पडतं, आणि मला वाटतं ते इथे वेगळं वाजतं. दरवर्षी यावर प्रवचन होतं: भौतिक सुखांच्या मागे लागू नका. मान्य. पण हे वाक्य बोलणारा स्वतः चाळीस दिवसांचा उपाशी होता. जेवून ढेकर दिलेल्याने भुकेल्याला सांगायचं हे वाक्य नव्हे. आणि त्यातला ‘केवळ’ हा शब्द गाळायचा नाही. भाकर लागतेच. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर’ मागितली आहे ती काही रूपक म्हणून नाही, निदान ज्यांची पणजी टोपली घेऊन दारोदार फिरली त्यांच्यासाठी तरी नाही.

आजीच्या मुठीचा अर्थ मला इथे लागतो. भाकरीखेरीज माणूस आणखी कशाने जगतो? वचनाने, हे शास्त्रातलं उत्तर. आजीच्या घरात ते वचन ज्या रूपात आलं ते असं, की जे घर पिढ्यान्‌पिढ्या घेत आलं ते आता देऊ शकतं. पोतं भरलेलं असताना मूठ काढणं ही तिच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. भरलेलं पोतं तिच्या वडिलांनी लहानपणी आपल्या घरात पाहिलंच नव्हतं. मागणाऱ्या हाताचं देणारा हात होणं, याइतकं पौष्टिक काही मी अजून कुठल्या सभेत ऐकलेलं नाही. उपास आणि उपासमार या दोन शब्दांत एका ‘मार’चा फरक आहे. तो मार ज्यांनी खाल्ला त्यांना उपासाची किंमत कळत होती, म्हणून त्यांनी उपासाला कधी पथ्य होऊ दिलं नाही.

आम्ही होऊ दिलं. लेंटमध्ये वजन किती उतरलं याच्या गप्पा मी उपासनेनंतरच्या चहाला ऐकल्या आहेत.

सगळ्यांनी उपाशीच राहिलं पाहिजे, असं मी म्हणत नाही, हे इथेच सांगून टाकतो. १५२२ च्या लेंटमध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याने कामगारांना सॉसेज खाऊ घातले; काम अंगावर आलेलं, नुसत्या लापशीवर ते निभेना. गावात गहजब झाला, तेव्हा तिथला पाळक आणि धर्मसुधारक झ्विंग्ली याने, स्वतः न खाता, व्यासपीठावरून त्यांची बाजू घेतली. मला तो छापखानेवाला फार जवळचा वाटतो. आमच्या मंडळीत यंत्रमागावर बारा तास उभी राहणारी माणसं आहेत, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया आहेत. त्यांना उपास सांगणं हा चावटपणा होईल. कॅथलिकांचा नियम या बाबतीत समंजस आहे: सक्तीचा उपास वर्षातून दोनच दिवस, तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्यांना, आजाऱ्याला सूट. उपास ज्याच्याकडे सोडण्यासारखं आहे त्याने करायचा. मूठ मात्र विड्या वळणारीही टाकते, आणि आमच्यापेक्षा मोठी टाकते, हे मी पाहिलंय.

२०२५ साली मोठा योग आला होता. २ मार्चला रमजानचा पहिला रोजा आणि ५ मार्चला राखेचा बुधवार. विजापूर वेशीत संध्याकाळी खजुराच्या गाड्यांपुढे गर्दी, आणि त्याच वेळी आमच्या सभा. माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे एक सर रोजे ठेवतात. त्यांना मी विचारलं, जकातीचं, म्हणजे तुमच्या ठरलेल्या सक्तीच्या दानाचं, कसं करता? त्यांनी खिशातून कागद काढला. शिल्लक, बायकोचं सोनं, येणं-देणं, आणि खाली अडीच टक्के. शिवाय ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणशी फित्रा, म्हणजे ईदचं दान, तान्ह्या पोराचासुद्धा. मग त्यांनी सहज विचारलं, “तुमच्यात किती असतं, सर?” मी म्हणालो, “आमच्यात मनाप्रमाणे असतं.” म्हणालो खरा, पण घरी येईपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिलं. मनाप्रमाणे म्हणजे, खरं सांगायचं तर, सुटे असतील तसं.

एका मंडळीच्या सभेत मी हा मुठीचा विषय मांडला होता. कुठली ते सांगत नाही. त्या वर्षी नवा साउंड सिस्टिम घ्यायचा होता. एक जण म्हणाले, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं प्रभूने सांगितलंय, मग डबे कसले ठेवायचे? (ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या वडिलांच्या नावाची फरशी वेदीसमोर आहे.) दुसरे म्हणाले, आता कोण उपाशी आहे? रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. तिसऱ्यांनी आवाज खाली आणून जे सांगितलं ते मात्र मला खोडता आलं नाही: “सर, आज आपण कुणाला पिशवीभर ज्वारी दिली तर उद्या विचारतील, यामागं काय आहे?”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. उजव्याचं डाव्याला कळू नये म्हणून डबाच तर हवा. डब्यात कुणाची मूठ कुठली ते कळत नाही. दुसऱ्याचंही अवघड नाही. पाच किलो धान्य मिळतं हे चांगलंच झालं, पण सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात जाऊन बसा. धाराशिवकडून, कर्नाटकाकडून पेशंट घेऊन आलेले लोक झाडाखाली चार-चार दिवस काढतात. रेशन कार्ड गावाकडे, खिशात परतीच्या एसटीचे पैसे, आणि डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस. उपासमार आता पोतं रिकामं होऊन येत नाही, ती अशी आडवाटेने येते.

तिसऱ्याची भीती खरी आहे. शंभर वर्षांपूर्वी घेणाऱ्याला टोमणा होता, आता देणाऱ्यावर संशय आहे. पण या भीतीने दान बंद करायचं की दानावरचं नाव काढून टाकायचं? माझं म्हणणं, नाव काढा. अक्कलकोटच्या अन्नछत्रात रांगेत उभ्या माणसाला कुणी जात-धर्म विचारत नाही. मी जेवलोय तिथे. आमची ज्वारी अशाच एखाद्या चालू चुलीवर जाऊ दे. हॉस्पिटलपाशी जे कुणी जेवण वाटतात त्यांच्या गाडीत जाऊ दे, रोजा सोडणाऱ्यांच्या दस्तरखानावर जाऊ दे. पिशवीवर क्रूस नको, पत्रक नको, फोटो तर नकोच. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला पसंत पडणारा उपास कोणता ते सांगितलंय: जू मोडणं, आपली भाकर भुकेल्याला वाटणं, उघड्याला वस्त्र देणं. त्यात देणाऱ्याच्या नावाची पाटी कुठे लावायची ते नाही.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, एक गोष्ट सांगतो. बारा ते तीन उपासना, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. एप्रिलचं सोलापूर, बाहेर चाळीसच्या वर, आत पंखे गरम वारा फेकतायत. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं आणि तरी आमच्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी दिसतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. पाचवा उद्गार चालू होता: मला तहान लागली आहे. वक्ते आत्म्याच्या तहानेवर रंगात आलेले. तेवढ्यात माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईंचा फोन थरथरला. त्यांनी पदराआड पाहिला, शेजारणीच्या कानात दोनच शब्द बोलल्या, आणि तिघी-चौघी वाकून मधल्या वाटेने बाहेर पडल्या. पाणी आलं. वक्ते थांबले, बघत राहिले, मग म्हणाले, ज्यांना प्रभूच्या तहानेपेक्षा नळ मोठा वाटतो त्यांच्यासाठीही आपण प्रार्थना करू.

मला राग आला. वधस्तंभावर ज्याला तहान लागली त्याला आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला बोळा मिळाला, पाणी कुणी दिलं नाही. आणि इथे घरी म्हातारी सासू, दोन पोरं, आणि पाच दिवसांची भांडी रिकामी असताना उठून गेलेली बाई ही पाचवा उद्गार समजलेली एकमेव श्रोती होती. तीन वाजता उपासना सुटली. घाम पुसत आम्ही बाहेर आलो तर त्यातल्याच एक बाई फाटकाशी उभ्या होत्या, दोन्ही हातांत गार पाण्याच्या कळशा, आणि स्टीलचा एकच पेला. येणाऱ्या प्रत्येकाला देत होत्या. वक्त्यांनाही दिलं. त्यांनी दोन पेले घेतले.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आमच्याकडे शिंदीच्या फांद्या आणतात. नारळाच्या झावळ्या इथे कुठल्या. शिंदीचं तेच पान, ज्याच्या केरसुण्या आजीचं माहेर वळायचं. होसान्ना म्हणत आम्ही ती हलवतो, मग बायको त्यातली एक घरी आणून फोटोमागे खोवते. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी तिच्या चर्चमध्ये जुन्या फांद्या गोळा करून जाळतात आणि ती राख कपाळाला लागते. माती आहेस, मातीला मिळशील. माझ्या कपाळाला लागते ती केरसुणीची राख, हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोला सोडून.

यंदा राखेच्या बुधवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एक डबा ठेवला. पत्र्याचा मिळाला नाही, बिस्किटांचा प्लॅस्टिकचा आहे. पहिलीच अडचण अशी निघाली, की घरात ज्वारी नाही. भाकरी आठवड्यातून दोनदा होते आणि पीठ दळलेलं येतं. सुनेने विचारलं, पीठ टाकू का? पिठाला किडे होतात. मग मी मंगळवारच्या बाजारातून दहा किलो मालदांडी आणली, खास मुठी काढायला. सून म्हणाली, “बाबा, हे म्हणजे विकत आणून ठेवणंच झालं. आपल्या घासातलं कुठं आलं यात?” बरोबर आहे तिचं. आता दर शुक्रवारी रात्रीचं जेवण नाही, आणि त्या जेवणाचा खर्च ती वहीत मांडते. मागच्या शुक्रवारी गॅस धरायचा की नाही यावर तिचा आणि माझ्या मुलाचा वाद झाला, अजून मिटलेला नाही.